रेणूचा ठसा उमटवताना: एमआयपी बनवण्याची पहिली खटपट

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या अंगणात कोब्यावर एका कुत्र्याचं पाऊल होतं. कोबा ओला असताना कुत्रं त्यावरून गेलं आणि गवंड्याच्या लक्षात येईपर्यंत तो घट्ट झाला होता. आम्ही मुलं शेजारच्या मांजरीला धरून तिचा पाय त्या खळग्यात बसवून बघायचो. बसायचा, पण सैल. आमचा अंगठा कसाही घातला तरी जायचा नाही.

मॉलिक्युलरली इम्प्रिंटेड पॉलिमर म्हणजे एमआयपी, आणि त्याची कल्पना एवढीच आहे. ज्या रेणूला पकडायचं त्याच्याभोवती पॉलिमर घट्ट होऊ द्यायचा, मग रेणू धुऊन काढायचा. मागे जो खळगा उरतो त्याचा आकार त्या रेणूचा असतो, शिवाय रेणूला धरून ठेवणारे रासायनिक गट खळग्यात योग्य जागी उभे असतात. पुढे चहा, दूध, रक्त किंवा सांडपाणी त्यावरून सोडलं की तो रेणू तिथे अडकतो आणि बाकीचा पसारा वाहून जातो. जवळपासच्या आकाराचे रेणू थोडेफार अडकतातच. मांजरीचा पाय विसरायचा नाही.

हा लेख बी.एस्सी. किंवा एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी पहिल्यांदाच एमआयपी करणाऱ्यांसाठी आहे. बडोद्यात औषधांचे आणि रसायनांचे कारखाने इतके आहेत, नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीतून प्रक्रिया केलेलं सांडपाणी खंभातच्या आखाताकडे नेणारा वेगळा कालवाच आहे, त्यामुळे 'गिचमिडीतून एक संयुग वेगळं काढा' हा प्रश्न इथल्या विद्यार्थ्याला कधी ना कधी पडतोच. सुरुवात मात्र कॅफीनपासून करा. ते स्वस्त आहे, सहज मिळतं, यूव्हीमध्ये (अतिनील प्रकाशात) ठळक दिसतं, आणि नमुना म्हणून चहा आहेच.

इतिहास दोन ओळींत. १९३१ मध्ये पोल्याकोव्ह यांनी सिलिका जेल बनवताना वापरलेल्या द्रावकाची 'आठवण' जेलमध्ये राहते असं दाखवलं. १९४९ मध्ये डिकी यांनी मिथाइल ऑरेंजसारख्या रंगांच्या उपस्थितीत सिलिका बनवली आणि ती नंतर तोच रंग जास्त ओढू लागली. सेंद्रिय पॉलिमरमध्ये हे काम १९७२ मध्ये जर्मनीत वुल्फ यांनी केलं, पण त्यांच्या पद्धतीत टेम्प्लेट, म्हणजे ज्याचा ठसा घ्यायचा तो रेणू, पक्क्या सहसंयुज बंधाने जोडावा लागे. स्वीडनमधल्या लुंडच्या मॉस्बाख यांच्या गटाने १९८१ च्या सुमारास हायड्रोजन बंधासारख्या सैल धाग्यांवर काम भागवलं, आणि १९९३ मध्ये थिओफिलिन व डायझेपामसाठी केलेला त्यांचा पॉलिमर अँटिबॉडीच्या जागी वापरून दाखवला. आपण जाणार ते या सैल धाग्यांच्याच वाटेने. (डिकींनी रंग निवडला यात मला नेहमी बडोदा दिसतं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये इथे कलाभवन (तंत्रशिक्षणाची शाळा) काढलं, त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख होते आणि तिथे रंगाईचं रसायनशास्त्र शिकवलं जायचं. डोळ्यांना दिसणाऱ्या रेणूवर शिकणं सोपं जातं. आपल्याला कॅफीन दिसणार नाही, यूव्हीला दिसेल.)

काय काय लागतं

टेम्प्लेट म्हणजे ज्याचा ठसा घ्यायचा तो रेणू, इथे कॅफीन. फंक्शनल मोनोमर म्हणजे त्याचा हात धरणारा, इथे मेथॅक्रिलिक ॲसिड, लॅबच्या बोलीत एमएए. क्रॉसलिंकर सगळ्याला जखडून ठेवतो, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल डायमेथॅक्रिलेट, ईजीडीएमए. इनिशिएटर, म्हणजे गरम झाल्यावर पॉलिमर बनणं सुरू करून देणारा, एआयबीएन. आणि ज्यात हे सगळं विरघळवायचं तो द्रावक म्हणजे पोरोजेन. तो पॉलिमरला सच्छिद्र करतो, म्हणून हे नाव.

कॅफीनवर हायड्रोजन बंधासाठी हायड्रोजन देणारा एकही गट नाही, फक्त घेणारे आहेत: दोन कार्बोनिल आणि एक मोकळा नायट्रोजन. म्हणून देणारा मोनोमर हवा, आणि एमएएचा कार्बोक्सिलिक गट तेच करतो. तुमचा रेणू स्वतः आम्ल असेल तर एमएए घेऊन काही हाती लागणार नाही, तिथे व्हिनाइलपिरिडिनसारखा बेसिक मोनोमर बघावा लागतो. मोनोमर निवडण्याआधी रेणूची रचना कागदावर काढा आणि कुठे देतो, कुठे घेतो यावर पेन्सिलीने खुणा करा. पुष्कळजण ही पायरी गाळतात आणि महिन्याभराने परत इथेच येतात.

पोरोजेन म्हणून मी क्लोरोफॉर्म घेते. एक तर कॅफीन त्यात भरपूर विरघळतं. दुसरं, पाणी किंवा मिथेनॉल हायड्रोजन बंधासाठी स्वतःच भांडायला येतात, कॅफीन आणि एमएएची जोडी जमूच देत नाहीत. क्लोरोफॉर्म बाजूला उभा राहतो.

प्रमाण

टेम्प्लेट, मोनोमर आणि क्रॉसलिंकर यांचं मोलचं प्रमाण १:४:२० हे या क्षेत्रातलं वरण-भाताचं प्रमाण आहे. पहिल्या वेळेला त्यात डोकं चालवू नका. छोट्या घाण्यासाठी:

कॅफीन ९७ मिलिग्रॅम (०.५ मिलिमोल)
एमएए १७२ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.१७ मिलिलिटर (२ मिलिमोल)
ईजीडीएमए १.९८ ग्रॅम, म्हणजे सुमारे १.९ मिलिलिटर (१० मिलिमोल)
एआयबीएन २० ते २५ मिलिग्रॅम
क्लोरोफॉर्म ३ मिलिलिटर

एमएए कॅफीनच्या चौपट का? सैल बंध जुळतात आणि सुटतात. मोनोमर जास्त असला की तराजू जुळण्याच्या बाजूला झुकतो. पण उरलेला एमएए कुठेही जाऊन बसतो आणि वाटेल त्याला चिकटतो. आठपट घेतला तर पॉलिमर जास्त कॅफीन पकडेल, त्याबरोबर चहातला बाकीचा कचराही पकडेल. क्रॉसलिंकर मात्र एवढा हवाच. तो कमी झाला तर कॅफीन निघून गेल्यावर खळगा मिटतो.

आणि आता या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं. शेजारी दुसरी नळी घ्या आणि तिच्यात अगदी हेच सगळं घाला, फक्त कॅफीन सोडून. हा एनआयपी, म्हणजे ठसा नसलेला पॉलिमर. तोच दिवस, त्याच बाटल्यांतली रसायनं, तोच वॉटर बाथ.

माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मी हा केलाच नव्हता. एमआयपीने कॅफीन पकडलं, आलेख सुंदर आला, मी वही घेऊन सरांकडे गेले. त्यांनी आलेखाकडे बघितलंसुद्धा नाही.

"एनआयपी कुठंय?"

"सर, तो नंतर करणार आहे."

"मग हे काय आणलंस? आम्लाचे गट असलेली कुठलीही सच्छिद्र पावडर कॅफीन पकडेल. ठशामुळे किती पकडलं ते सांग."

तीन आठवडे गेले. नंतर केलेल्या एनआयपीने एमआयपीच्या जवळपास तेवढंच कॅफीन पकडलं, कारण मी क्लोरोफॉर्म महाग पडतो म्हणून मिथेनॉल वापरलं होतं. ठसा उमटलाच नव्हता.

घट्ट करणं

काचेची, जाड भिंतीची, स्क्रूच्या टोपणाची प्रेशर ट्यूब घ्या. कॅफीन, एमएए आणि क्लोरोफॉर्म एकत्र करा, सगळं स्वच्छ विरघळेपर्यंत हलवा आणि अर्धा तास तसंच राहू द्या, म्हणजे जोड्या जुळतील. मग ईजीडीएमए आणि एआयबीएन. बाटलीतल्या मोनोमरमध्ये आपोआप घट्ट होऊ नये म्हणून इन्हिबिटर घातलेला असतो. ईजीडीएमए बेसिक ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून काढता येतो. एमएए मात्र त्यातून काढू नका, आम्ल असल्यामुळे तो ॲल्युमिनालाच चिकटतो. तो कमी दाबाखाली डिस्टिल करतात. ती सोय नसेल तर पहिल्या घाण्यापुरता तसाच वापरला तरी चालतं, फक्त सुरुवात उशिरा होते.

ऑक्सिजन या प्रक्रियेचा शत्रू आहे, म्हणून पाच मिनिटं नायट्रोजन सोडायचा. ट्यूब बर्फात ठेवून सोडा. मे महिन्यात बडोद्यात पारा ४२ च्या वरही जातो. बाहेर ठेवून नायट्रोजन सोडलात तर क्लोरोफॉर्म उडून जातो आणि ३ मिलिलिटरचे दोन कधी होतात ते कळतही नाही. मग टोपण घट्ट लावून ट्यूब ६० अंशांच्या वॉटर बाथमध्ये २४ तास. क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू ६१ अंश आहे आणि एआयबीएन फुटताना नायट्रोजन सुटतो, म्हणून ट्यूब निम्म्याहून जास्त भरायची नाही, काम फ्यूम हूडमध्ये, काच खाली ओढून. एआयबीएन फ्रिजमध्ये ठेवायचा, हीटरजवळ नाही, आणि उरलेला 'सुकवायला' ओव्हनमध्ये तर कधीच नाही.

काही तासांत द्रव दुधासारखा होतो आणि मग पांढरा दगड. दुसऱ्या दिवशी पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. पॉलिमर बाहेर निघत नसेल तर ट्यूब फडक्यात गुंडाळून फोडावी लागते. ट्यूबचा खर्च धरूनच चाला.

वाटणं आणि चाळणं

हे काम कंटाळवाणं आहे. खलबत्त्यात वाटायचं आणि २५ ते ६३ मायक्रॉनमधला भाग चाळणीने वेगळा करायचा. फार बारीक भुकटी मिथेनॉलमध्ये ढवळून, जाड कण खाली बसले की वरचं गढूळ ओतून टाकून काढायची. ती राहिली तर पुढे कार्ट्रिज, म्हणजे पॉलिमर भरलेली नळी, तुंबतं. निम्मा माल इथेच वाया जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मास्क लावा.

एकसारखे गोल कण हवे असतील तर प्रेसिपिटेशन पॉलिमरायझेशन आहे. त्यात द्रावक खूप जास्त घेतात आणि कण आपोआप गोळ्यांसारखे खाली बसतात, वाटायची गरज नाही. पण एकदा तरी दगड वाटून बघाच.

टेम्प्लेट काढणं, म्हणजे खरी परीक्षा

सॉक्सलेटमध्ये, म्हणजे ताजा द्रावक पुन्हा पुन्हा पॉलिमरवरून सोडणाऱ्या उपकरणात, मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिड ९:१, कमीत कमी २४ तास, शक्यतो ४८. ॲसिटिक ॲसिड हायड्रोजन बंधात घुसून कॅफीनला सोडवतं. नंतर नुसत्या मिथेनॉलने तेवढंच निगुतीने धुवा, नाहीतर खळग्यांत कॅफीनच्या जागी ॲसिटिक ॲसिड बसून राहतं. एनआयपीलाही हाच सगळा सोपस्कार. त्याच्यात काढायला काही नाही म्हणून तो सोडू नका, दोघांचा भूतकाळ सारखा हवा. शेवटी ६० अंशांना निर्वातात सुकवा.

निघालं का ते कसं कळणार? धुतलेला ५० मिलिग्रॅम पॉलिमर ५ मिलिलिटर ताज्या मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये रात्रभर हलवा, गाळा आणि यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २७३ नॅनोमीटरला (कॅफीनचं शिखर इथे येतं) वाचा. एनआयपीच्या धुवणाइतकंच वाचन आलं की थांबा. जास्त आलं तर पुन्हा सॉक्सलेट.

यात घाई केली तर काय होतं ते मी भोगलंय. माझ्या एका घाण्यात ठाऊक प्रमाणात कॅफीन घातलेल्या नमुन्याची रिकव्हरी, म्हणजे घातलेल्यातलं जेवढं परत मिळालं ते, ११८ टक्के आली. मी आधी खूश झाले. शंभराच्या वर जाणारे १८ टक्के आले कुठून हे मला एका ज्युनिअरने विचारलं. ते पॉलिमरच्या पोटातून झिरपत होते. या झिरपण्याला टेम्प्लेट ब्लीडिंग म्हणतात, आणि अतिसूक्ष्म प्रमाण मोजताना ते सगळं काम बुडवतं. म्हणून अशा कामात मूळ रेणूऐवजी त्याच्या चुलतभावाचा ठसा घेतात, त्याला डमी टेम्प्लेट म्हणतात. २००८ मध्ये चीनमधल्या दूध पावडरीतल्या मेलामाइनचं प्रकरण गाजलं, त्यानंतर मेलामाइनसाठी सायरोमॅझिनच्या ठशाचे पॉलिमर केले गेले. झिरपलं तरी सायरोमॅझिन झिरपेल आणि एचपीएलसीवर (मिश्रणातले रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) वेगळ्या जागी दिसेल.

पकडतो का ते मोजणं

क्लोरोफॉर्ममध्ये कॅफीनचं २० मिलिग्रॅम प्रतिलिटर द्रावण करा. काचेच्या कुपीत २० मिलिग्रॅम एमआयपी, त्यावर ५ मिलिलिटर द्रावण. दुसऱ्या कुपीत एनआयपी. तिसऱ्या कुपीत नुसतं द्रावण. प्रत्येकाच्या तीन-तीन कुप्या. रात्रभर शेकरवर.

काचेचीच कुपी आणि क्वार्ट्झचीच क्युवेट (मोजताना द्रावण ठेवायची चौकोनी डबी). पॉलिस्टायरिनची डिस्पोजेबल क्युवेट क्लोरोफॉर्ममध्ये डोळ्यांदेखत धुरकट होते.

आता एक मजा. मी कुप्यांतला माल ट्यूबमध्ये घेऊन सेंट्रिफ्यूज केला आणि कण खाली बसतील म्हणून वाट बघत राहिले. आमच्या लॅबमधले काका ट्यूब उजेडासमोर धरून म्हणाले, "बेन, आ तो उपर तरे छे!" बरोबरच होतं. क्लोरोफॉर्म पॉलिमरपेक्षा जड, त्यामुळे कण तरंगून वर साय धरतात. अशा वेळी लांब सुईच्या सिरिंजने खालून द्रव घ्यायचा आणि ०.४५ मायक्रॉनच्या पीटीएफई फिल्टरमधून गाळायचा.

क्लोरोफॉर्ममध्ये कॅफीनचं शिखर पाण्यापेक्षा थोडं सरकतं, म्हणून स्टँडर्डचा वक्र त्याच द्रावकात काढा. अंदाजासाठी, पाण्यात १० मिलिग्रॅम प्रतिलिटर कॅफीन एक सेंटिमीटरच्या क्युवेटमध्ये सुमारे ०.५ ॲबसॉर्बन्स देतं.

हिशेब तोंडी करता येतो. समजा सुरुवातीला २० होतं, एमआयपीच्या कुपीत १२ उरलं. म्हणजे प्रतिलिटर ८ गेलं, ५ मिलिलिटरमध्ये ०.०४ मिलिग्रॅम, २० मिलिग्रॅम पॉलिमरवर. ग्रॅमला २ मिलिग्रॅम. एनआयपीच्या कुपीत १६ उरलं तर ग्रॅमला १. दोहोंचं गुणोत्तर २, यालाच इम्प्रिंटिंग फॅक्टर म्हणतात. १ आला तर ठसा नाही. २ किंवा ३ आला तर पहिल्या खटपटीला उत्तम. फार मोठा आकडा आला तर आनंदाआधी एनआयपी नीट घट्ट झाला होता का ते तपासा. तो कमी सच्छिद्र निघाला असेल तर त्याच्या अपयशाचं श्रेय तुमच्या ठशाला मिळतंय.

मग मांजरीचा पाय बसवून बघायचा, म्हणजे थिओफिलिन. कॅफीनमध्ये त्याच्यापेक्षा एकच मिथाइल गट जास्त. थिओफिलिनवर हायड्रोजन देणारा एक एन-एच गट असतो, त्यामुळे आम्लाच्या गटांना ते कॅफीनपेक्षा जास्त चिकटूही शकतं. घाबरू नका. थिओफिलिन एमआयपीला किती चिकटलं एवढंच बघू नका, एनआयपीपेक्षा किती जास्त चिकटलं ते बघा.

चहा

चहाच्या कोरड्या पत्तीत कॅफीन साधारण २ ते ४ टक्के असतं. २ ग्रॅम पत्ती, १०० मिलिलिटर पाणी, थोडा सोडियम कार्बोनेट, दहा मिनिटं उकळा. कार्बोनेटमुळे टॅनिन पाण्यात राहतात. गाळून पूर्ण थंड झाल्यावर सेपरेटिंग फनेलमध्ये क्लोरोफॉर्मने काढा. जोरात हलवलंत तर लोण्यासारखा इमल्शन होऊन संध्याकाळ जाईल, नुसतं गोल फिरवा. खालचा थर निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवा, कारण पाणी राहिलं तर खळग्यात तेच शिरेल.

हा अर्क फार दाट असतो. कार्ट्रिजमध्ये भरायच्या तुमच्या १०० मिलिग्रॅम पॉलिमरची झेप ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास आहे हे वरच्या हिशेबावरून दिसतंच, म्हणून ५० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत पातळ करून १ मिलिलिटरच घाला.

रिकामं ३ मिलिलिटरचं पॉलिप्रोपिलीन कार्ट्रिज, खाली फ्रिट (सच्छिद्र चकती), १०० मिलिग्रॅम पॉलिमर, वर फ्रिट. आधी मिथेनॉल, मग क्लोरोफॉर्म सोडून तयार करा, कोरडं पडू देऊ नका. नमुना थेंब-थेंब सोडा. १ मिलिलिटर क्लोरोफॉर्मने धुवा, हे धुवण वेगळं ठेवा आणि वाचा, त्यात किती कॅफीन गेलं ते कळायला हवं. शेवटी १० टक्के ॲसिटिक ॲसिड असलेल्या मिथेनॉलने दोनदा उतरवून घ्या. शेजारी एनआयपीचं कार्ट्रिज, त्याच वेगाने. धुवण्याचं प्रमाण हीच इथली खरी कला आहे. कमी धुतलं तर दोन्ही कार्ट्रिज सारखी वागतात, जास्त धुतलं तर दोन्ही रिकामी होतात. मधली जागा अर्ध्या-अर्ध्या मिलिलिटरने चाचपडत शोधायची.

थेट पाण्याचा नमुना सोडला तर? हा पॉलिमर बहुतेक फरक दाखवणार नाही. पाण्यात पॉलिमरच्या तेलकट अंगालाच सगळं चिकटतं, एनआयपीलाही. पाण्यात चालणारे एमआयपी हा पुढचा धडा.

क्लोरोफॉर्मचा कचरा हॅलोजनच्या वेगळ्या बाटलीत, ॲसिटोनच्या बाटलीत नाही. अल्कली असताना ते दोघं भडकतात.

सेन्सर करायचा असेल तर

पावडरीने काढणं जमल्याशिवाय इकडे वळू नका असं माझं मत आहे. इलेक्ट्रोडवर ऑर्थो-फिनिलीनडायअमिन किंवा पायरोल टेम्प्लेटच्या उपस्थितीत विजेने पॉलिमराइज करतात, पातळ पापुद्रा तयार होतो, टेम्प्लेट धुतात. मग द्रावणात फेरिसायनाइड घालून प्रवाह बघतात. खळगे मोकळे असताना फेरिसायनाइड आत पोचतं, रेणू बसले की वाट अडते आणि प्रवाह पडतो. तिथेही दुसऱ्या इलेक्ट्रोडवर एनआयपी हवाच, कारण पापुद्रा नुसता मळला तरी प्रवाह पडतो.

सुकलेला पॉलिमर घट्ट झाकणाच्या बाटलीत वर्षानुवर्षं टिकतो. माझी ती ११८ टक्केवाली बाटली अजून कपाटात आहे, लेबलवर लाल शाईने 'टेम्प्लेट पूर्ण निघालेला नाही' असं लिहिलंय. नवीन मुलं आली की त्यातलं चिमूटभर मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये हलवायला देते आणि २७३ ला वाचायला सांगते. अजून शिखर येतं.